मागची पन्हळ

एनेल्दाने तुंब्यातलं पाणी पन्हळीच्या वरच्या टोकाला ओतलं आणि कान लावला. पाणी सळसळत पुढे गेलं, कोपऱ्यावर कुठेही न अडखळता वळलं आणि खाली टाकीत धडधड पडलं.

"पुढची पन्हळ ठणठणीत आहे, काका. तुमच्यापेक्षा बरी."

"मग टाकी का भरत नाही?" शिडी धरून उभा असलेला एवेलियो म्हणाला. "पाऊस तोच, पत्रा तोच. फिदेलिनाला पुरून आलो आणि त्या दिवसापासून टाकी तळाला गेली. पन्हळीलाही तिच्याशिवाय करमत नाही की काय?"

तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. त्याने मान वळवून उगाच टाकीवर थाप मारली. टाकी पोकळ वाजली.

उद्या नववा दिवस होता. अत्रातो नदीच्या वरच्या अंगाच्या गावांतून होड्या भरभरून माणसं येणार, त्याच्या बायकोसाठी, फिदेलिनासाठी शेवटची गाणी म्हणणार. चाळीस जणांची कॉफी, माशांचं सूप, भात, हातपाय धुणं. किब्दो शहरातल्या या गल्लीत नळ पोचला नव्हता. जे काय पाणी होतं ते आभाळातून पत्र्यावर, पत्र्यावरून पन्हळीत आणि पन्हळीतून टाकीत. पाहुणे कोरड्या घशाने परत गेले, तर बाईला तहानलेलीच पाठवली असं लोक वर्षभर म्हणत राहिले असते. म्हणून तर एवेलियोने सकाळी सकाळी एनेल्दाला बोलावणं धाडलं होतं. गल्लीतल्या निम्म्या पन्हळी तिच्या हातच्या होत्या. पाण्याचा नुसता आवाज ऐकून ती गळती सांगायची.

"आता मागची बघते," ती उतरत म्हणाली.

"मागची कशाला? टाकी इथं आहे."

"मागच्या पत्र्याचं पाणीही याच टाकीत येतं ना? अर्धं छप्पर तिकडे आहे, काका. हुकूम नंतर सोडा, आधी शिडी उचला."

त्याने शिडी उचलली, पण घराच्या कोपऱ्याशी येऊन थांबला. पुढे पाऊल टाकेना. "तू जा. मी इथून धरतो."

"इथून? शिडी काय रबराची आहे?"

पण एनेल्दाला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. मागच्या कुंपणापलीकडे सुनिल्दा राहायची, त्याची एकुलती एक लेक. तिने शाळेत शिकवावं म्हणून बापाने तिला घडवलं, आणि ती एका नावाड्याबरोबर पळून गेली. नावाडी बुडाला तेव्हा ती परत आली. बापाने दार उघडलं नाही. कुंपणापलीकडचा तुकडा फिदेलिनाच्या माहेरचा, तिथे येऊ नको असं मात्र त्याला म्हणता येईना. सुनिल्दाने ताडाच्या झावळ्यांचं छप्पर घालून खोपट बांधलं आणि एवेलियोने त्याच आठवड्यात मागच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या. त्याला अकरा वर्षं झाली होती. अंत्ययात्रेतही ती सगळ्यांच्या मागे, चिखलातून, एकटी चालली होती.

एनेल्दाने शिडी एकटीनेच लावली आणि चढली. नीरफणसाची पानं बाजूला सारली.

पन्हळ फुटलेली नव्हती. गंजही नव्हता. पण टाकीकडे उतरायला हवा तो ढाळ उलटा होता. पन्हळ पेलणारे टाकीकडचे आकडे दोन बोटं वर, आणि कुंपणाकडचा शेवटचा आकडा दोन बोटं खाली. आकडा आपोआप घसरला की वाकतो, पत्रा फाडतो. हे सगळे सरळ होते, नीट ठोकलेले. पन्हळीचं तोंड तारेने एका चिरलेल्या बांबूला बांधलं होतं. बांबू पानांआडून कुंपणावर जाऊन पलीकडच्या निळ्या पिंपावर टेकला होता. वाऱ्यात तार वाजू नये म्हणून तिच्यावर फुलाफुलांच्या कापडाची चिंधी गुंडाळली होती. तसल्या कापडाचा झगा किब्दोत एकाच बाईचा होता, फिदेलिनाचा.

झावळ्यांवरून उतरलेलं पाणी चहासारखं तांबडं असतं, त्याला धुराचा वास येतो. एनेल्दाने पलीकडचं काळपट छप्पर पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"काय झालंय?" कोपऱ्याआडून एवेलियो ओरडला. "भोक पडलंय का?"

"नाही."

"मग?"

तिच्या पिशवीत हातोडी होती. सहा आकडे सरळ करायला तिला पाव तास लागला असता, आणि संध्याकाळच्या एका सरीत टाकी भरली असती. तिने हातोडी काढली, पुन्हा ठेवली.

"काका, काकू पहाटे नदीवर कशाला जायच्या हो?"

"धुणं धुवायला. तिला तिथल्या गप्पा लागायच्या. मी चिडवायचो, घरात टाकी असताना नदीशी लग्न लावलंस का म्हणून." तो थांबला. "का?"

"मीही पहाटे जायचे. त्यांच्या डोक्यावर धुणं नसायचं, बादली असायची. रोज चार खेपा. भांड्यांना, अंघोळीला, फरशीला."

"टाकी असताना?"

अर्ध्याच छपराची टाकी, एनेल्दाच्या मनात आलं; उरलेलं पाणी काकू डोक्यावरून आणायच्या. तिने कारागिराने करावं तेच केलं. सोबत आणलेला भरलेला तुंबा पन्हळीत रिकामा केला. पाणी टाकीकडे गेलंच नाही. उलट्या बाजूला धावलं, बांबूत शिरलं आणि पलीकडे पिंपात टपटपलं.

आभाळ स्वच्छ होतं. सकाळपासून थेंब नव्हता.

खोपटाचं दार करकरलं. सुनिल्दा बाहेर आली, हातात अर्धवट सोललेलं केळं. तिने आधी पिंपाकडे बघितलं, मग वर कोरड्या आभाळाकडे.

"आई?"

ती मोठ्याने म्हणाली नव्हती. पण गल्ली दुपारच्या उन्हात निपचित पडली होती, आणि कोपऱ्याआड उभ्या असलेल्या माणसालाही ते ऐकू गेलं.

मग एवेलियोची पावलं आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो घराच्या मागच्या बाजूला आला. फळ्या ठोकलेल्या खिडकीला हात लावत, भिंतीच्या आधाराने. शिडीच्या पायथ्याशी थांबला. तिथून त्याला उंच कुंपण दिसत होतं, पानं दिसत होती, बांबू दिसत होता. लेक दिसत नव्हती.

"किती वर्षं झाली असतील?" त्याने हळूच विचारलं.

"चिंधीचा रंग पार उडालाय, काका."

त्याने मान हलवली. गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला, चार खेपा करून आल्यासारखा.

"तिकडे काय करतेय ती?"

एनेल्दाने पानांतून पाहिलं. "पिंपाशी उभी आहे. बांबूखाली हात धरलाय."

"रडतेय?"

"नाही. नुसता हात धरलाय. पाणी संपलं."

एवेलियो वळला. एनेल्दाला वाटलं, गेला घरात. टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज आला, मग तळाला भांडं खरवडल्याचा, एकदा, दोनदा. तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेलं पातेलं होतं, आणि चालताना पाणी त्याच्या छातीवर सांडत होतं. उद्याच्या चाळीस माणसांसाठी उरलेलं तेवढंच.

त्याने पातेलं वर धरलं.

"हळू ओत," तो म्हणाला. "एकदम नको."