अळणी

नवरा वाल्मिक गेला त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा जयवंता पळसदरीच्या फलाटावर पडली. म्हणजे धाडकन पडली असं नाही. खोपोलीच्या गाडीतून उतरली, डोळ्यांपुढं काळोख आला आणि बाकडं धरायच्या आत ती खाली बसली. दुपारची वेळ, फलाटावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गाडी निघून गेली. जरा वेळानं तिचं तीच उठली, लुगड्याची माती झटकली आणि घरची वाट धरली.

विमलबाईला सांगितलं नसतं तर ते तिथंच मिटलं असतं. विमलबाई शेजारची, शेजारची म्हणजे मधली दोन घरं सोडून. मधली घरं मुंबईच्या लोकांनी घेतलेली. शनिवारी गाड्या यायच्या, गाणी लागायची. एरवी त्यांच्या फाटकांना कुलूप आणि गल्लीत पानगळ. विमलबाईनं जयवंताच्या लेकीला, नम्रताला फोन लावला, आणि नम्रतानं बेंगळुरूहून आईला असा दम भरला, की जयवंता कर्जतच्या डॉक्टरकडं गेली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "सोडियम कमी दाखवतंय मावशी. वजनही बरंच उतरलंय. गोळ्या काही चालू आहेत?"

"नाय."

"मग जेवता की नाही नीट?"

"जेवते की. दोन टाइम."

"काय जेवता?"

"भाजी-भाकर. भात." यात विचारण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं.

डॉक्टरांनी तिच्याकडं जरा बघितलं. बाहेर माणसं ताटकळत होती. दुसरं काही दुखणं नाही याची त्यांनी खात्री करून घेतली आणि एक नाव सांगितलं. "खोपोलीला शिळफाट्यावर हुमा म्हणून आहे. आहारसल्लागार. तिला भेटा. ती निवांत ऐकून घेते. मला इथं तेवढी सवड नाही."

"खायाचं कसं ते आता शिकाया जायाचं?" विमलबाई म्हणाली. "पावडरीचे डबे इकत असंल ती. माझ्या भाचीच्या गळ्यात असंच मारलं कुणी तरी."

तरी जयवंता गेली. खरं सांगायचं तर घरात बसून दुसरं काही करायचं नव्हतं.

शिळफाट्यावर मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, त्याच्या वर हुमाची खोली. दोन खुर्च्या, कोपऱ्यात गुंडाळलेली चटई, खिडकीत तुळस आणि गवती चहाची कुंडी. डबे कुठंच दिसेनात. हुमा तिशीतली, डोक्यावरून ओढणी घेतलेली. तिनं आधी पाण्याचा ग्लास पुढं केला. मग रक्ताचे कागद सावकाश वाचले आणि म्हणाली, "मावशी, एक आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. गोळी देणार नाही, कुणी दिलेली बंदही करणार नाही. विकायला माझ्याकडं काही नाही."

"मंग करता काय तुमी?"

हुमा हसली. "माणूस जेवतो कसा ते समजून घेते. नुसतं ताटात काय आहे एवढंच नाही. झोप कशी लागते, दिवस कसा जातो, घरात कोण आहे, मनावर काय आहे, ह्याचाही जेवणाशी संबंध असतो. त्यातलं काय बदलता येईल ते आपण दोघींनी ठरवायचं. हळूहळू."

आणि तिनं विचारायला सुरुवात केली. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करता? पोट साफ होतं का? उन्हात जाता का? जेवायला कुठं बसता? कुणाशी बोलत बोलत जेवता, की गप्प? जयवंता सुरुवातीला चिडलीच. कुठं बसते म्हणजे? चुलीपाशी बसते. बोलणार कुणाशी, भिंतीशी? पण हुमा घाई करत नव्हती. उत्तर आलं नाही तर थांबायची, खाली घाटाकडं निघालेल्या ट्रकांचा आवाज ऐकत बसायची. कितीतरी दिवसांनी आपल्याला कुणी इतकं विचारतंय, हे जयवंताच्या ध्यानात आलं आणि ती जरा सैलावली.

"तुमी कुणासंगं जेवता?" तिनंच मध्ये विचारलं.

"दुपारी इथंच. एकटी. मोबाईल बघत," हुमा म्हणाली. "करू नये, पण करते."

मग हुमानं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं खायला?"

"त्यांना वांगं आवडायचं भरलेलं."

"आणि तुम्हाला?"

"त्यांना..." जयवंता थांबली. पुन्हा आठवू लागली. "पयलं त्यांना..."

तिसऱ्यांदाही तोंडी तेच आलं. ती खिडकीकडं बघत राहिली. तोंडाला कोरड पडली होती, पण ग्लासातलं पाणी दोन घोट पिऊन तिनं तसंच ठेवलं होतं.

"राहू द्या," हुमा म्हणाली. "पुढच्या वेळी मी तुमच्याकडं येते. दुपारची. तुम्ही रोज जेवता तेच वाढा मला. माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही, बरं का."

ती आली तेव्हा जयवंतानं घर झाडून-पुसून घेतलं होतं. तांदळाची भाकरी, दुधीची भाजी, भात आणि पातळ वरण. पाहुणीला असलं वाढायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण शब्द दिला होता. दोघी स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या. हुमानं भाजीचा घास घेतला, चावला, गिळला. मग वरणभाताचा घेतला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही तिनं, पण हात थबकला.

"मावशी, जरा मीठ देता?"

"देते की." जयवंता सवयीनं उठली. मांडणीपाशी गेली. हळदीचा डबा, तिखटाचा, जिऱ्याचा. तिचा हात एकेका डब्यावरून फिरत गेला आणि मांडणीच्या टोकाला येऊन थांबला. ती तशीच उभी राहिली. पाहुणीनं मीठ मागितलं आणि आपल्या घरात मीठ नाही, ह्याची तिला अशी लाज वाटली, की मागं वळवेना.

"नाय," ती मांडणीला तोंड करूनच म्हणाली. "संपलंय."

"कधी संपलं?"

तिनं हळदीचा डबा सरळ केला. मग म्हणाली, "त्यांच्या किडन्या गेल्या तवा."

तिथून पुढं मात्र ती बोलली. वाल्मिक खोपोलीच्या कारखान्यात कामाला होता. चांगला धट्टाकट्टा माणूस, पण पाय सुजायला लागले आणि सगळं कळेपर्यंत उशीर झाला. मग पनवेलच्या दवाखान्याच्या फेऱ्या. तिथल्या बाईनं सांगितलं, मीठ बंद, पापड-लोणचं बंद, सुकी मासळी बंद. भाज्या चिरून पाण्यात ठेवायच्या, उकडायच्या, ते पाणी टाकून द्यायचं. प्यायचं पाणीसुद्धा मापात. जयवंतानं एकही गोष्ट चुकवली नाही. आणि त्याच्या समोर आपण खारट-तिखट खायचं हे तिला जमेना, म्हणून तिनंही मीठ सोडलं.

"ते म्हनायचे, तू खा गं, तुला काय झालंय? भांडायचे. म्हनायचे, मी आजारी हाय, तू का म्हनून? एकदा माझ्यापायी रागानं ताट सरकवलं. मी म्हनलं, तुमी अळणी खाता तर मी पन खानार. मंग म्हनायचे थांबले." तिनं पदरानं नाक पुसलं. "पानी तर मी मोरीत जाऊन प्यायची. त्यांचे व्हट सुकलेले असायचे हो. त्यांच्या डोळ्यांम्होरं घटाघटा पिऊ कशी?"

"नम्रताला माहीत आहे?"

"कुनालाच नाय. सांगायसारकं हाय का काय त्यात?"

तुम्ही चुकलात असं हुमा म्हणाली नाही, थोर आहात असंही नाही. तिनं ताट पुढं ओढलं आणि ते अळणी जेवण, भाजीच्या फोडीसकट, शेवटच्या शितापर्यंत संपवलं. जयवंता बघत होती. इतकी वर्षं तिनं एकटीनं गिळलेले घास आज दुसरं कुणी तरी गिळत होतं. ती मोठ्यानं रडली. वाल्मिकच्या दिवसांतही ती अशी रडली नव्हती.

निघताना हुमा म्हणाली, "मी डॉक्टरांशी बोलते. मीठ किती, पाणी किती, ते सांगतील. मी आत्ता दुकानात जाऊन मिठाचा पुडा आणून देऊ शकते. पण तो तुम्ही आणावा असं मला वाटतं. वाटेल तेव्हा."

डॉक्टरांचा निरोप दुसऱ्या दिवशीच आला. चारचौघांसारखं मीठ खायला लागा, जास्तीचं नको, पाणी तहानेपुरतं प्या, आणि थोड्या दिवसांनी रक्त पुन्हा दाखवा. निरोप सोपा होता. जयवंता दुकानात गेली आणि साबण घेऊन परत आली. पुन्हा गेली, काडेपेटी घेऊन आली. मिठाचे पुडे समोरच रचलेले होते. पण पुडा घरात आला, की वाल्मिकचा स्वयंपाक संपला. मग ह्या घरात ती कुणासाठी काय करत होती, असा विचार यायचा आणि हात मागं यायचा.

हुमाकडं ती दुसऱ्यांदा गेली ती हे सगळं सांगायलाच. हुमानं ऐकून घेतलं, रागावली नाही. त्या दिवशी त्यांनी फक्त पाण्याचं ठरवलं. मोरीत नाही, बाहेर ओट्यावर बसून, तहान भागेपर्यंत प्यायचं. एवढंच.

खाली उतरून ती रिक्षाची वाट बघत उभी होती. कडेला एक कोळीण सुकी मासळी घेऊन बसली होती. वाऱ्याची झुळूक आली आणि तो उग्र वास जयवंताच्या नाकात शिरला. तोंडाला पाणी सुटलं. इतकं, की तिला गिळावं लागलं. आणि एकदम कोंडाण्याचं माहेर आठवलं, शेतावरून येताना लांबूनच येणारा आईच्या तव्यावरच्या सुकटीचा वास, आणि पहिली भाकरी कुणाला म्हणून भावाशी केलेली मारामारी. सुकट. तिला सुकट आवडायची. वाल्मिकला नाही, तिला.

घरी येऊन तिनं कांदा चिरला, कोळिणीकडून घेतलेली सुकट भाजून धुतली, तिखट-हळद घालून तव्यावर परतली. वास घरभर झाला. तिनं घाईनं दार लावलं, मग स्वतःशीच चिडून उघडलं. आतल्या खोलीतून कुणी कूस बदलल्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन उभी राहिली. काही आलं नाही. मग ती भाकरी घेऊन बसली. पहिल्या घासाला जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. ती खात राहिली. आणि खाता खाता तिला वाल्मिकचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा. मला खा म्हणायचं थांबलात का तुम्ही, एवढ्यात का दमलात, असा राग. तो आला तसा गेला, आणि मागं नुसतं शांत घर उरलं.

कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं. नम्रताला फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते," ती म्हणाली. मग तिनं हुमाला लावला.

"सुकट खाल्ली."

मग हुमानं विचारलं, "कशी झाली?"

"खारट."

दोघी हसल्या. "आमच्याकडं तीत कैरी घालतात," हुमा म्हणाली. "घालून बघा एकदा."

त्यानंतर मीठ घरात आलं ते फार गाजावाजा न करता, साखर-चहापत्तीबरोबर. जयवंता शिळफाट्याला जात राहिली. सकाळी धरणाकडं चालायला लागली. नाचणी, कडधान्यं, एखादं अंडं, परसातल्या शेवग्याचा पाला, असं एकेक ताटात येत गेलं. सगळं तिच्याच ओळखीचं. जेवणाची जागा चुलीपासून ओट्यावर आली. रक्त पुन्हा तपासलं, आकडे जागेवर आले होते. गालांवर मांस चढलं. विमलबाईसुद्धा म्हणाली, "बरी दिसतेस गं आता."

आणि एका भेटीत हुमा म्हणाली, "मावशी, आता तुम्हाला माझ्याकडं यायची गरज नाही."

जयवंता खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. "पन चक्कर येते अजून कदीमदी," ती म्हणाली.

"कधी आली शेवटची?"

ती पिशवीचे बंद सारखे करू लागली.

"मावशी, चक्कर येत नाहीये ना?" हुमानं हळूच विचारलं.

"नाय."

खालून एक ट्रक घरघरत चढावाला लागला. हुमा तिच्या शेजारी येऊन बसली. "तुम्हाला इथं बोलायला बरं वाटतं, मला ठाऊक आहे. मलाही वाटतं. पण तुम्ही बऱ्या असताना मी तुम्हाला अडकवून ठेवलं, तर माझंच काम मला कळलं नाही असं होईल. काही दुखलं-खुपलं, जेवण तुटलं, तर लगेच या. नाही तर पावसाळा उलटल्यावर एकदा."

"बराबर हाय तुमचं, बाय," जयवंता म्हणाली. ते तिला खरंच पटलं होतं. पटल्यामुळं दुखायचं काही कमी झालं नाही. जिना उतरताना तिनं मागं बघितलं. दुसरी एक बाई, पर्स छातीशी धरून, दारात उभी होती आणि हुमा तिच्यासाठी पाणी ओतत होती.

गाडी रिकामीच होती. पळसदरीला ती एकटी उतरली, डोंगरावर ऊन कलत होतं. घरी येऊन तिनं पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या, वालाची उसळ गरम केली आणि ताट घेऊन ओट्यावर आली. नम्रताचा फोन येऊन गेला. वजन विचारलं, रिपोर्ट विचारला, "मग आता काही काळजी नाही ना?" म्हणाली. "नाय," जयवंता म्हणाली. "सगळं बेस हाय." फोन ठेवल्यावर गल्ली आणखीच गप्प वाटली.

विमलबाई पिशवी घेऊन रस्त्यानं चालली होती. "जेवतेस का गं?"

"हां. ये ना, बस. उसळ केली हाय."

"नको गं, माझं उरकलंय कवाच." तिनं चालता चालताच हात हलवला आणि ती वळणाआड गेली.

जयवंता तिकडं बघत राहिली. दूर स्टेशनाकडं मालगाडीला घाट चढायला मागून इंजिन लावत होते, त्याचा धक्का बसल्याचा आवाज आला. तिनं ताटातली भाकरी संपवली, बोटं चाटली. पोट भरलं नव्हतं. ती उठली आणि दुसरी भाकरी आणायला आत गेली.