खळ्यावरची बैठक

खोडाळ्याच्या नागली उत्पादक कंपनीत आजवर एकही ठराव पडला नव्हता. संचालक सगळे आसपासच्या पाड्यांवरचे, नाचणी पिकवणारे शेतकरी. व्यवस्थापक दिपेश ठराव वाचायचा आणि सगळे माना डोलवायचे. दिपेश जव्हारचा, शिकलेला, सरळ मनाचा. पण तोच समोर बसलेला असताना त्याला नाही म्हणायचं कुणी? मग खरं बोलणं व्हायचं ते सभा आटोपल्यावर, जीपची वाट बघताना. पंढरी अध्यक्ष होता तेव्हा घरी येऊन लेकीला सांगायचा, "आजपण सभा स्टँडवरच झाली गं."

भादव्यात पंढरी गेला. सगळ्यांनी त्याच्या जागी प्रतिक्षाला बसवलं. बाप गेल्यापासून तिला चार पानं सलग वाचवत नव्हती, पण या कामाला तिनं नाही म्हटलं नाही.

माघातल्या सभेपुढे मोठा विषय आला. नागलीची गिरणी खोडाळ्याहून हलवून घोटीला न्यायची. दिपेशचं म्हणणं, तिथे वीज जात नाही आणि मालाच्या गाड्या दारापर्यंत येतात. गिरणीत पाड्यांवरच्या बायका कामाला होत्या; त्यांनी रोज घाट ओलांडून जायचं कसं, हे सभेत कुणी विचारत नव्हतं. स्टँडवर मात्र दुसरा विषय नव्हता. आज माना डोलल्या की गिरणी गेली, हे प्रतिक्षाला दिसत होतं.

म्हणून मत घेण्याआधी तिनं सांगितलं की आता थोडा वेळ फक्त संचालक बसतील, दिपेशनं बाहेर थांबावं. मोठ्या संस्थांत असंच करतात, हे तिनं पूर्वी वाचलं होतं. दिपेश उठला. त्याचा चेहरा उतरला. दार लागलं आणि सगळे दाराच्या फटीखालून दिसणाऱ्या त्याच्या बुटांकडे बघत बसले. तिनं एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. भिकानं घसा खाकरला, तेवढाच आवाज.

शेवटी फागीबाय बोलली. वयानं तीच सगळ्यांत मोठी. "पोरी, बसल्या माणसाला उठवलंस तू. आमच्यात दुश्मनालापण असं उठवत नाय. आता तोंडातून शब्द कसा निघंल?"

प्रतिक्षा ओशाळली. "मग काय करू, बाय?"

"त्याला आत घे, चहा दे. आपुन उठू."

तसंच केलं. दिपेश आत चहा घेत बसला आणि संचालक मागच्या खळ्यावर गेले. नागली झोडून झाली होती, तरी सारवलेली जमीन अजून गुळगुळीत होती. टेकल्या टेकल्या सावळानं घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटलं, त्याला सकूनं उत्तर दिलं आणि मग कुणी थांबेना. घाटात दरड आली तर काय, लहान पोरं कुणाकडे ठेवायची, सगळं निघालं. वीज जाते हे मात्र खोटं नाही, असं सकूनं बजावलं. प्रतिक्षा फक्त ऐकत होती. हे ऐकायला बाप हवा होता, एवढं एकदा तिच्या मनात आलं.

भिका तेवढा गप्प होता. फागीबायनं त्याला टोचलं, "तुझा टेंपो लागंल ना घोटीच्या फेऱ्यांना? सांग की."

सगळे हसले. भिकालाही हसू आलं. "लागंल. म्हणून तर गप बसलो." मग जमिनीवर बोटानं रेघ ओढत म्हणाला, "पण टेंपोला दुसरं भाडं मिळंल. सुनेला दुसरं काम नाय मिळायचं."

गिरणी इथंच ठेवायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. प्रतिक्षानं मग तीन गोष्टी घालून दिल्या. कोण काय बोललं ते खळ्यावरच राहील. ठरलं ते मात्र दिपेशला आत्ताच सांगायचं, नाहीतर आपल्यामागं चहाडी झाली असं त्याला वाटेल. आणि यापुढे प्रत्येक सभेत, विषय असो नसो, असंच बाहेर येऊन बसायचं, म्हणजे त्याला धसका राहणार नाही.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

कुणी हलेना. आत जाऊन सगळे पुन्हा मुके झाले, तर इथलं सारं बोलणं वाया होतं. तेवढ्यात भिका धोतर झटकत उठला.

आत गेल्यावर तो खाली बसलाच नाही. "दिपेशभाऊ, गिरणी हलणार नाय. विजेचं काय करायचं ते तू शोध, तुला जमतंय. तुझ्यावर कुणाचा राग नाय."

दिपेशनं पेला खाली ठेवला. "मग काका, इतके दिवस बोलला का नाहीत? मला वाटलं, सगळ्यांना हवंय."

"तू विचारायचास कुठं?" फागीबाय म्हणाली. "तू वाचायचास."

दिपेश क्षणभर गोरामोरा झाला, मग हसला आणि ठराव नामंजूर झाल्याचं त्यानं लिहून घेतलं. कंपनीतला पहिलाच. लिहिता लिहिता त्यानं विचारलं की गिरणीच्या छपरावर सौर पॅनेल बसवले तर कसं? सावळा म्हणाला, वाऱ्यानं उडतील. सकू म्हणाली, उडत नाहीत, आमच्या शाळेवर आहेत. भिकानं दोघांनाही खोडून काढलं, तेही दिपेशच्या तोंडावर.

एकेकानं बोला, असं म्हणायची पाळी अध्यक्षावर त्या खोलीत कधी आली नव्हती. प्रतिक्षानं ते दोनदा म्हटलं. कुणी ऐकलं नाही.