तळाचा पापुद्रा

निवृत्त प्राध्यापकांनी चौथा स्क्रू सैल केला आणि संगणकाच्या प्रोसेसरवरचा पंखा, एखाद्या भोंदू ग्रंथाची प्रस्तावना सोलून काढावी तसा, उचकटून वर घेतला.

काल पडद्यावरचा आकडा अठ्ठ्याण्णव अंशांवर गेला होता आणि त्यांच्या शब्दकोशाच्या शेवटच्या खंडाचे काम चालू असताना यंत्राने तिसऱ्यांदा डोळे मिटले होते. माहितीपुस्तिका त्यांनी तळटीपांसकट वाचली होती : स्वस्थ असताना चाळिशी, कामात सत्तरी, फार तर ऐंशी, नव्वदीपलीकडे यंत्र जीव वाचवायला स्वतःच बंद पडते. जावयाने ती उघडलीही नव्हती. सर्वज्ञांना वाचनाची गरज कुठली?

"धूळ आहे, बाबा," तो आठवडाभर ऐकवत होता. "तीन कपाटं रद्दी उशाशी ठेवल्यावर मशीन गुदमरणार नाही तर काय होणार?"

"पंखा कोणी बसवला, जावईबापू?"

"मी. आणि झकास बसवलाय. धूळ निघाली तर पुस्तकं गोदामात. कबूल?"

"कबूल. तुमचा गाढवपणा निघाला, तर या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

आता त्यांनी पंख्याचा धातूचा तळ खिडकीच्या उजेडात धरला. धूळ चिमूटभरसुद्धा नव्हती. तळाला मात्र एक पारदर्शक पापुद्रा जसाच्या तसा चिकटलेला होता. त्यावर तीन भाषांत छापले होते : बसवण्यापूर्वी काढून टाका.

त्यांनी तो सोलला, तळ पुसला, पंख्यासोबतच्या नळीत उरलेली, उष्णता वाहून नेणारी राखाडी पेस्ट लावली आणि पंखा पुन्हा आवळला. मग अर्धा तास यंत्राला घाण्याला जुंपले. आकडा सदुसष्टावर थांबला.

पापुद्रा मुठीत धरून ते उठले. तीन वाक्ये तयार होती. तिसरे सर्वांत धारदार. दारातच मुलगी आडवी आली. जिन्यात जावई पुस्तकांसाठीच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

"यांना बोलू नका, बाबा," ती हळूच म्हणाली. "पंखा मी बसवलाय."

"तू?"

"दोन दिवस व्हिडिओ बघून. तुम्ही मला साधा फ्यूज कधी बदलू दिला नाहीत. माझं नाव ऐकून लगेच उघडला असतात, म्हणून यांनी स्वतःचं सांगितलं." तिने त्यांच्या राखाडी बोटांकडे पाहिले. "नीट बसलाय ना?"

मूठ हळूच खिशात गेली.

"नीट बसलाय."

जावई खोके घेऊन आत आला. "मग? काय निघालं?"

"धूळ."

"सांगत होतो की नाही!"

प्राध्यापकांनी शब्दकोशाचा पहिला खंड कपाटातून काढला, पापुद्रा त्याच्या पानांत सरकवला आणि खंड स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवला.

"सावकाश उचला," ते म्हणाले. "पुस्तकं आहेत. तुम्हाला सवय नाही."