लेकाला परत आणायला गेले तेव्हा

आमच्या ह्यांनी मला परदेशी धाडलं ते लेकाला परत आणायला. कापडाचं दुमजली दुकान, हाताखाली माणसं, आणि एकुलता एक मुलगा तिकडे लोकांच्या जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवत बसलाय, हे त्यांच्या डोक्यात जायचं. तो येणार नसेल तर दुकान पुतण्याच्या नावावर करतो, असं त्यांनी निघताना बजावलं. माझाही तिळपापड झाला होता. म्हटलं, कान धरून आणते.

घर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दोन खोल्या. सून आणि मी एका वेळी स्वयंपाकघरात मावत नव्हतो, त्यामुळे आम्हाला भांडायलाही जागा नव्हती. नात मात्र मला चिकटली ती चिकटलीच.

सुनेसमोर विषय नको म्हणून एक दिवस मी लेकाच्या कामावरच गेले. सरसाचा वास, जमिनीवर लाकडाचा भुसा. ओठांत बारीक खिळे धरून तो एका आरामखुर्चीच्या पाठीवर कापड ताणत होता. कुठे एक सुरकुती नाही. कापडाला हात लावायची पद्धत थेट बापाची. मी तोंड उघडणार, एवढ्यात मालकाने दिवे मालवायला सुरुवात केली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. लेकाने खिळे डबीत टाकले, ॲप्रन काढला. खुर्चीचा एक हात उघडाच होता.

गिऱ्हाइकाचं काम अर्धवट टाकून कुठे निघालास, मी विचारलं. तर म्हणतो, उद्या करीन की, खुर्ची काय पळून जातेय?

आम्ही चालत शाळेपाशी गेलो. नातीने दप्तर बापाच्या गळ्यात अडकवलं आणि तिची टकळी सुरू झाली. कोणी डबा सांडला, कोणाची कोणाशी कट्टी झाली. आणि हा शहाणा प्रत्येक वेळी विचारतो, मग पुढे काय झालं? ती जरा पुढे पळाली तशी मी विषय काढला. बाबा, दुकान, पुतण्या, सगळं सांगून टाकलं.

तो थांबला. "आई, मला दुकानाचा राग नाही गं. पण ही पोर मला रोज भेटते. बाबा मला रविवारी भेटायचे, तेसुद्धा झोपलेले."

मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण हे एकट्या त्याच्याच बाबतीत खरं नव्हतं. ह्यांचं गिऱ्हाइकांशी गोड बोलणं मी इतकी वर्षं दुकानाच्या मागच्या दाराशी उभी राहून ऐकत आलेय. घरी आल्यावर त्यांच्यात बोलायचं त्राणच उरत नसे.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा दुकानातून फोन आला. केव्हा निघताय, म्हणाले.

"तो यायचा नाही," मी म्हटलं. "तो इथे सुखात आहे. दुकान पुतण्याला देऊन टाका. आणि तुम्ही इकडे या."

"मी येऊन करू काय तिथे?"

"काही नाही. माझ्याशी बोला."

मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण त्यांनी कोणाला तरी गिऱ्हाईक बघायला सांगितलं, आणि गाड्यांच्या आवाजावरून ते रस्त्यावर आलेले कळलं. आवाज एकदम खाली आला होता.

"तिकडे थंडी फार असते का गं?"