निळा धागा, केशरी धागा

कॉलेजच्या मुख्य इमारतीपासून नव्या प्रयोगशाळेपर्यंत फायबरची केबल टाकताना माळीकाकांचा गुलाबाचा वाफा मधोमध उकरला गेला. काका चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी माती ओढून, रोपं पुन्हा लावून त्यांनी नेटवर्कचं काम बघणाऱ्या बाईला बजावलं, "पोरी, आता इथं कुदळ दिसली तर गाठ माझ्याशी आहे!"

सहाव्या दिवशी दुपारी तिनं प्रयोगशाळेतला स्विच, म्हणजे केबल जिथं येऊन जोडली जाते ती नेटवर्कची पेटी, चालू केला. केबलचा दिवा लागेना.

वाफ्याखालचा केबलचा जोड तिनं एकटीनं केला होता, आयुष्यातला पहिलाच. तिला हे काम शिकवणारे साहेब गेल्याच महिन्यात निवृत्त झालेले. आणि उद्या सकाळी नऊला इथल्याच चाळीस संगणकांवर परीक्षा! तिनं केबलमधल्या काचेच्या दोन धाग्यांची टोकं पुसली, पुन्हा बसवली. दिवा काही लागला नाही.

ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. तिचा उतरलेला चेहरा बघूनच काका म्हणाले, "गेला ना माझा वाफा?"

"आधी खात्री करून घेते, काका. पण दोन्ही टोकांना माणूस लागतो. याल?"

काका कुरकुरत प्रयोगशाळेत गेले. ती लाल उजेडाचं पेन घेऊन मुख्य इमारतीत. फोन चालूच होता.

"दोन्ही धागे स्विचमधून काढा. डोळ्यांसमोर मात्र धरू नका हं, तळहातावर धरा. आधी निळा."

तिनं पेनाचा उजेड आपल्याकडच्या निळ्या धाग्यात सोडला. मग, "आला! लाल ठिपका!"

"आता केशरी?"

"तोही आला. झकास!"

ती भिंतीला टेकली. जोड शाबूत होता. मग घोडं अडलं कुठं?

"काका, काढलात तेव्हा निळा कुठल्या बाजूला होता?"

"डाव्या."

तिनं आपल्यासमोरचा स्विच पाहिला. इथंही तिनं निळा डावीकडूनच काढला होता. डावं भोक उजेड पाठवायचं, उजवं घ्यायचं. घाईत तिनं दोन्हीकडे सारखंच जोडलं होतं. तिला हसूच फुटलं.

"अहो काका, दोन्ही बाजू नुसत्या बोलतायत, ऐकत कुणीच नाही!"

"त्यात नवल काय? आमच्या घरी तीस वर्षं हेच चाललंय."

"तिकडचा निळा उजवीकडे घाला, केशरी डावीकडे. टक् वाजेपर्यंत दाबा."

आपल्याकडचे धागे तिनं होते तसेच परत बसवले. तिकडून आवाज आला, टक्. टक्.

"लागला ग पोरी! हिरवा! लुकलुकतोय!"

ती धावतच प्रयोगशाळेत आली. एकेक करत चाळीसही संगणक चालू करून पाहिले, परीक्षेचं पान सगळीकडे झटकन आलं. तिनं परीक्षा घेणाऱ्या मॅडमना फोन लावला. "सकाळी बिनधास्त या, मॅडम. सगळं चालू आहे."

फोन ठेवला तेव्हा चार वाजले होते. सकाळपासून पोटात काही नाही, हे तिला आत्ता आठवलं. पायरीवर बसून तिनं डबा उघडला. भाजी पार गार झाली होती, पण तिनं शेवटच्या घासापर्यंत चवीनं खाल्ली.