रिकाम्या चौकटीचा धसका

मित्रांनो, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या दुभत्या जनावरांचं भवितव्य माझ्या हातात आहे. मला हात नाहीत, हा भाग वेगळा.

मी एक जुनी रिकामी चौकट आहे. बापूसाहेबांच्या पशुखाद्याच्या दुकानातल्या संगणकावर, विक्रीच्या तक्त्याच्या डोक्यावर बसते. त्यांचा भाचा अविराज लोणी देवकरच्या कारखान्यात आहे. त्यानं सुट्टीत मला घडवलं. माझ्यात गावाचं नाव लिहिलं, की तक्त्यातल्या त्याच गावाच्या ओळी दिसतात, बाकीच्या दडी मारतात. गाव बदललं की ओळी बदलतात. सुरुवातीला बापूसाहेब पाहुण्यांना चहाच्या आधी मला दाखवत. आता नुसता चहा देतात.

पण मी भित्री आहे. माझ्यात लिहिलेलं मला पुसता येत नाही.

एके दुपारी शिल्लक पोतं उघडलं, तर पेंडीला हिरवी बुरशी. तीच पेंड सकाळी पळसदेवला गेली होती. आमच्याकडं गावाचा माल गावाच्याच टेम्पोनं जातो, म्हणून ती दुसऱ्या कुठल्या गावाला गेली नव्हती. धारेची वेळ होत आली होती, आणि धार काढताना म्हशीपुढं पेंडीची पाटी येतेच. दुकान सांभाळणारी निकिता घाबरून समोर दिसतील त्या नंबरांना ‘आज पळसदेवला आलेली पेंड घालू नका’ असं सांगायला फोन लावू लागली. माझ्यात मात्र आधीच्या कामाचं ‘काटेवाडी’ तसंच होतं. काटेवाडीची माणसं सभ्य; बरं म्हणून फोन ठेवत होती. तिकडं पळसदेवला पेंड भिजत पडली असणार.

शेवटी गोकुळ नावाच्या शेतकऱ्यानं फोन उचलला.

“घालत न्हाय पेंड, ताई. पण आमी काटेवाडीला हाय. पळसदेव हिकडं कवा आणलंसा?”

निकितानं वर, माझ्याकडं पाहिलं. पुसून ‘पळसदेव’ लिहिलं. सगळ्या ओळी बदलल्या. वरतीच द्वारकाबाईंचं नाव होतं.

“मावशी, पेंड घातली का?”

“ही काय, पाटी ठेवतीया.”

“उचला. बुरशी आहे तिला.”

पलीकडं फोन खाली ठेवल्याचा आणि पाटी खरडल्याचा आवाज आला. माझ्यात जीव असता, तर गेला असता.

“उचलली बाई. म्हस माझ्याकडं लई वंगाळ बघतीया.”

मग बाकीचे फोनही वेळेत लागले.

मित्रांनो, काम झालं की मला पुसत जा. नवं गाव लिहिलं, तरी एकदा वर बघा. आणि कुणी पळसदेवला निघालाच असाल, तर त्या म्हशीला माझ्या वतीनं हिरव्या मक्याची एक पेंढी घाला. मीच घातली असती, पण हाताचं सुरुवातीलाच सांगितलंय.