पुण्यासाठी सोडलेली साळुंकी

मी साळुंकी बोलतेय. पिवळी चोच, पिवळे पाय आणि मिनिटभर गप्प न बसणारी. माझा जन्म फलटणजवळच्या एका विहिरीच्या कपारीतला. पंख फुटतात न फुटतात तोच जाळ्यात सापडले आणि खोक्यात कोंबून समुद्रापलीकडे शारजाच्या पक्षीबाजारात आले.

२००९च्या फेब्रुवारीत मला तिथून दत्तप्रसादांनी विकत घेतलं. दुबई मरीनात टॉवर बांधणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनिअर. मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या, रोज कुणाची तरी नोकरी जात होती. पुण्याहून राहायला आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, सुहासिनीबाईंनी, उपाय सांगितला. अकरा बंदिवान पक्षी सोडायचे, म्हणजे संकट टळतं.

दुबईतच अल कुसैसला त्यांच्या बिल्डिंगमागे पार्किंग आहे. तिथे आम्हा अकरा साळुंक्यांचा पिंजरा आणला, तर दत्तप्रसादांची मुलगी मुग्धा आडवी आली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती.

"आत्या, या साळुंक्या इथल्या नाहीत. त्या गाफच्या झाडात एकच ढोली आहे. तिथे हुदहुदचं, त्या तुरेवाल्या पक्ष्याचं, घरटं आहे. या ते बळकावतील."

"अगं, मुक्या जिवांना मोकळं करतोय. त्यात कसलं वाईट?"

"मुके? हे?" 

मी तेव्हा कर्कश ओरडत होते.

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना. काय लॉजिक आहे यात?"

दत्तप्रसाद तिच्याकडे न बघता म्हणाले, "मुगू, सोमवारी एचआरने बोलावलंय. आज वाद नको. यल्ला, चल, उघडू दे दार."

वडिलांचा तो आवाज ऐकून ती बाजूला झाली. आत्यांनी दार उघडून हात जोडले. मी उडाले. खरं सांगते, तेवढं सुख पुन्हा कधी मिळालं नाही.

सोमवारी दत्तप्रसादांची नोकरी गेलीच. नोटीस आणि व्हिसाची मुदत धरून एप्रिलपर्यंत देश सोडायचा होता.

इकडे माझी जोडी जमली. बाकीच्यांनी दुकानांच्या पाट्यांमागच्या फटी आधीच पटकावल्या होत्या. मला अंडी घालायची होती आणि जागा नव्हती. मी गाफच्या ढोलीत शिरले. आत हुदहुदची पाच अंडी होती. एकेक करून खाली ढकलली. राग नव्हता मनात. भूक लागली की चोच उघडते, तसंच झालं ते. मुग्धा खिडकीतून बघत होती. ती अनवाणी धावत आली, पण खाली फक्त टरफलं होती.

डोक्यावर तुरा मिरवणारं ते जोडपं मात्र झाड सोडून गेलं नाही. रोज कुंपणावर येऊन बसायचं. त्या भागात तेवढंच उरलं होतं.

निघायच्या आठवड्यात मुग्धाने वॉचमन रफिककडून शिडी आणली.

"चाचा, धरा घट्ट. हिची पिल्लं काढून टाकते. जागा झाली तर हुदहुद पुन्हा अंडी घालतील."

"पडशील गो," खेडचे रफिकचाचा म्हणाले. "काढून ठेवणार कुठं त्यांना?"

ती शिडी चढली. मी तिच्या डोक्यावर झडप घातली, मनगट टोचलं, रक्त काढलं. तिने हात आत घातलाच. माझ्या चारही पिल्लांना वाटलं, मीच आले. त्यांनी तिच्या बोटांपाशी चोची उघडल्या.

हात बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तो रिकामाच.

"चाचा, नाही जमत."

"मग उतर."

"मी आत्याला किती बोलले! आणि आता मीच…" ती शिडी उतरली.

ते लोक गेले. माझी पिल्लं उडाली. काही दिवसांनी कुंपण रिकामं दिसलं, आणि ते जोडपं पुन्हा आलं नाही. आज तिसरं वर्ष. या पार्किंगमध्ये आम्ही चाळीसएक आहोत आणि ढोलीत माझीच नात अंडी उबवतेय.

आम्ही फार वाढलो म्हणून आता साळुंक्या पकडणारी माणसं सापळे घेऊन येऊ लागलीत. तुमच्यात कुणी कनवाळू असेल, तर त्या माणसांच्या हातून मला सोडवू नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं. सकाळपासून जुळवतेय वाक्य. पण नाही म्हणवत. मला अजून जगायचंय.